बिल थकलं तर घरावर बोजा: कॅलिफोर्नियातल्या ठेकेदारासाठी लीनची वाट, कामाच्या पहिल्या दिवसापासून

गावाकडे जमीन घ्यायची तर आपण आधी सातबारा काढतो आणि त्यातला 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचतो. तिथे बँकेचा नाहीतर सोसायटीचा बोजा दिसला की बोलणी थांबतात. आधी बोजा उतरवा, मग पुढचं बोलू. कॅलिफोर्नियातल्या ठेकेदाराला कायद्याने दिलेलं 'मेकॅनिक्स लीन' समजावून सांगायला मला याहून सोपी उपमा सापडलेली नाही. ज्या घरात तुमची मजुरी आणि तुमचा माल जिरला, त्याच घराच्या कागदांवर तुमच्या थकलेल्या बिलाचा बोजा चढतो. फरक एवढाच, की बँकेचा बोजा मालकाच्या सहीने चढतो. लीनला मालकाची सही लागत नाही.

मी सॅन होजेच्या आसपास टाइल्सची कामं घेतो. बहुतेक कामं सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणून, म्हणजे घरमालकाचा करार जनरल कॉन्ट्रॅक्टरशी आणि माझा जनरल कॉन्ट्रॅक्टरशी. पैसे अडकतात ते नेमके या मधल्या पायरीवर. इथल्या मराठी मंडळींत रंगकाम, इलेक्ट्रिकल, रिमॉडेलिंग अशा धंद्यांत उतरलेले थोडेच लोक आहेत, पण जे आहेत त्यांना दर वर्षी एकदा तरी हाच प्रश्न पडतो आणि मग फोन येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहे. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात राहात असाल तर हक्क असेल, पण दिवसांचा हिशेब वेगळा असेल, आणि लीनमध्ये दिवसांचा हिशेब म्हणजेच सर्व काही.

या नावातला 'मेकॅनिक' म्हणजे गॅरेजवाला नव्हे, जुन्या इंग्रजीतला कारागीर. वॉशिंग्टन शहर उभं करायला गवंडी-सुतार मिळावेत, त्यांना पैशांची खात्री वाटावी, म्हणून जेफर्सन आणि मॅडिसन यांच्या आग्रहावरून १७९१ साली मेरीलँडने असा कायदा केला. कॅलिफोर्नियाने तर हा हक्क थेट राज्यघटनेत घातला आहे. आपल्याकडे बांधकाम ठेकेदाराला असं काही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधली कलमं १७० आणि १७१ ताब्यात दिलेल्या वस्तूंबद्दल बोलतात. शिलाई मिळेपर्यंत शिंपी कपडे अडवून ठेवू शकतो, पण गवंड्याला बांधलेली भिंत परत घरी नेता येत नाही. मग लवाद, दिवाणी दावा आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. तिथून इथे आलेल्या माणसाला लीनची ताकद म्हणूनच पटकन खरी वाटत नाही, आणि ती वापरायला तो उशीर करतो.

सगळ्यात आधी लायसन्स

लायसन्स नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाचं चालू लायसन्स नसताना केलेल्या कामाचे पैसे कोर्टातून मागता येत नाहीत. उलट मालकाने दिलेले पैसेसुद्धा तो परत मागू शकतो, काम कितीही सुबक झालेलं असो. लायसन्स कामाच्या पूर्ण काळात चालू असावं लागतं. आणि इथे एक खड्डा आहे: कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा, म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन, खंडित झाला तर लायसन्स आपोआप स्थगित होऊ शकतं. विम्याचा हप्ता चुकला, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, आणि तुम्ही बाथरूमची फरशी लावत असताना कागदोपत्री विनापरवाना झालात. म्हणून काम धरण्याआधी बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतःचा नंबर घालून पाहा आणि त्या पानाची तारखेसकट प्रत काढून ठेवा. करारावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच असू द्या. लायसन्स कंपनीच्या नावावर आणि करार स्वतःच्या नावावर, हा घोळ आपल्या लोकांत फार.

परमिट लागत नाही, हाताखाली माणूस नाही आणि मजुरी-माल धरून काम १,००० डॉलरच्या आत आहे, तर २०२५ पासून लायसन्सशिवाय चालतं. आधी ही मर्यादा ५०० होती. नुसता माल पुरवणाऱ्याला ठेकेदारीचं लायसन्स लागत नाही, लीनचा हक्क मात्र त्यालाही आहे. यंत्रं भाड्याने देणारा, मजूर, आर्किटेक्ट यांनाही आहे.

पहिले वीस दिवस

लीन शेवटी रागाने मिळत नाही, ते सुरुवातीला पाठवलेल्या एका कागदाने मिळतं. या कागदाचं नाव प्रिलिमिनरी नोटीस. धंद्यात तिला 'प्रिलिम' किंवा 'ट्वेंटी-डे' म्हणतात. साइटवर पहिल्यांदा माल उतरवला किंवा हात लावला त्या दिवसापासून २० दिवसांच्या आत ती द्यायची. मजुराला ही अट नाही. सब-कॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणारा यांनी ती तिघांना द्यायची: घरमालक, जनरल कॉन्ट्रॅक्टर, आणि बांधकामासाठी कर्ज दिलेलं असेल तर ती बँक. तुमचा करार थेट घरमालकाशी असेल तर मालकाला ती द्यावी लागत नाही, फक्त कर्ज देणारी बँक असेल तर तिला.

उशीर झाला तर हक्क पूर्ण जात नाही, पण कापला जातो. नोटीस दिली त्या दिवसाच्या मागचे २० दिवस आणि त्यापुढचं काम एवढंच धरलं जातं. त्याआधीचं काम लीनच्या बाहेर.

यावर माझीच गोष्ट सांगतो. फ्रीमॉन्टमध्ये एका मराठी कुटुंबाच्या दोन बाथरूमचं काम होतं. जनरल कॉन्ट्रॅक्टर दुसराच कोणी, काम मात्र माझ्याकडे त्या घरातल्या काकूंच्या शब्दावरून आलेलं. ३ मार्चला फोडकाम सुरू केलं. नोटीस भरून तयार होती, पण पाठवायला हात धजेना. गणपतीला ज्यांच्या घरी जेवायला जातो त्यांच्या दारात पोस्टमन सरकारी भाषेतला कागद घेऊन जाणार, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं की 'तुम्ही ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले असले तरी तुमच्या घरावर लीन येऊ शकतं', हे बरं दिसेल का? एप्रिल उजाडला, जनरल कॉन्ट्रॅक्टरचा पहिला हप्ता आला नाही, आणि शेवटी १० एप्रिलला नोटीस टाकली. मागचे २० दिवस मोजले तर २१ मार्च. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांचं फोडकाम, वॉटरप्रूफिंग आणि उताराचं मॉर्टर मिळून ६,२०० डॉलर कायमचे लीनबाहेर गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं.

आणि गंमत म्हणजे नोटीस मिळाल्यावर काकूंनी फोन केला तो रागावून नव्हे. "अरे, हे तू महिन्याभरापूर्वी का नाही पाठवलंस? मी पुढचा चेक देण्याआधी त्याला विचारलं असतं ना!" प्रिलिमचा खरा उपयोग हाच. कोणाकोणाचे पैसे द्यायचे आहेत हे मालकाला त्यातूनच कळतं. तेव्हापासून मी प्रत्येक नोटिशीसोबत चार ओळींचं साधं पत्र जोडतो: हे लीन नाही, तक्रार नाही, कायद्याने प्रत्येक कामावर पाठवायचा कागद आहे, आणि जनरल कॉन्ट्रॅक्टरला पैसे देताना माझं बिल फिटलं का एवढं विचारा. ओळखीच्या घरी आधी फोन करून सांगतो. पत्रव्यवहार मात्र सगळ्यांना सारखाच.

नोटिशीत काय लिहायचं? मालक, जनरल कॉन्ट्रॅक्टर आणि बँक यांची नावं-पत्ते. साइटचा पत्ता. तुमचं नाव-पत्ता आणि तुम्हाला काम कोणी दिलं. कामाचं थोडक्यात वर्णन. एकूण किमतीचा अंदाज. आणि मालकासाठीचा तो कायद्यात दिलेला मजकूर, शब्दाचाही फेरफार न करता. किमतीचा अंदाज सुरुवातीलाच प्रामाणिकपणे, सगळं धरून लिहा. मालकाचं नाव घराच्या पाटीवरून किंवा व्हॉट्सअपवरून घेऊ नका. घर बहुधा नवरा-बायकोच्या कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर असतं, ते काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नोंदीत पाहा. बँकेचं नाव बांधकाम परमिटवर किंवा काउंटी रेकॉर्डरकडच्या (मालमत्तेचे कागद नोंदवणारं सरकारी कार्यालय) कर्जाच्या कागदावर सापडतं. जनरल कॉन्ट्रॅक्टरला विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि ही माहिती देणं त्याचं काम आहे. तो टाळाटाळ करायला लागला तर मी त्या कामावर उधारीत एक पेटी टाइलही उतरवत नाही.

पाठवायची ती सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड पोस्टाने, नाहीतर हातोहात. साधं तिकीट लावून टाकलेलं पाकीट चालत नाही, ईमेलवर विसंबू नका. पोस्टाची पावती आणि पोचपावती यांना मी टाइलच्या नमुन्यांपेक्षा जास्त जपतो. एका कामावर एका जनरल कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली एकदा दिलेली नोटीस पुढच्या सगळ्या कामाला पुरते, दर महिन्याला पाठवायची नसते.

चेक घेताना सही कशावर करता?

प्रत्येक हप्त्याला जनरल कॉन्ट्रॅक्टर एक कागद पुढे करतो, 'वेव्हर अँड रिलीज'. म्हणजे एवढ्या पैशांपुरता मी लीनचा हक्क सोडला. कॅलिफोर्नियात याचे चारच नमुने चालतात: हप्त्याचा आणि अखेरचा, आणि त्या प्रत्येकाचा सशर्त आणि बिनशर्त. सशर्त म्हणजे चेक वटला तरच हक्क सुटला. बिनशर्त म्हणजे सही झाली की सुटला, चेक मागाहून परत आला तरी. या चार नमुन्यांखेरीज कोणाच्या ऑफिसात टाइप केलेला वेगळा कागद लीनचा हक्क घालवू शकत नाही. करारातच 'मी लीन लावणार नाही' असं आधी लिहून घेतलं असेल तर तेही टिकत नाही.

नियम सोपा आहे. पैसे खात्यात दिसेपर्यंत सशर्त. खात्यात जमा झाल्यावर बिनशर्त. "अहो, उद्या चेक देतो, आज एवढी सही करून ठेवा, बँक मागतेय," असं म्हणणारा माणूस वाईट असेलच असं नाही, पण त्याच्या उद्यावर तुमचं घर चालत नाही. सही करताना कोणत्या तारखेपर्यंतचं काम लिहिलं आहे तेही वाचा. हप्ता मार्चअखेरचा आणि तारीख एप्रिलअखेरची, असं मी दोनदा पकडलं आहे.

दुसरं नेहमीचं वाक्य: "मालकाने दिले की तुला देतो." तोंडी तर असतंच, काही जण करारातही घालतात. मालकाने दिलेच नाहीत तर सबला कधीच द्यायचे नाहीत, अशा अर्थाचं कलम कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अवैध ठरवलं, कारण ते मागच्या दाराने लीनचा हक्कच काढून घेतं. उलट, जनरल कॉन्ट्रॅक्टरच्या हातात हप्ता पडला की लेखी वेगळं ठरलेलं नसेल तर ७ दिवसांत त्यातला तुमचा वाटा द्यावा लागतो. विनाकारण अडवला तर महिन्याला २ टक्के दंड.

बिल अडकलं. आता?

आधी फोन, मग लेखी मागणी. मागणीपत्रात शिव्याशाप नकोत: बिलाचा क्रमांक, रक्कम, काम कधी संपलं, नोटीस कधी दिली, आणि अमुक तारखेपर्यंत पैसे न आल्यास लीन नोंदवणार. मालकालाही प्रत. बऱ्याचदा प्रकरण इथेच मिटतं, कारण मालकाला दुप्पट पैसे भरायची धास्ती असते. ती धास्ती खरी आहे. त्याने जनरल कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले असले तरी तेवढ्याने तुमचं लीन अडत नाही. कामं अजून चालू असतील तर मालकाला जॉइंट चेक सुचवा, जनरल कॉन्ट्रॅक्टर आणि तुम्ही अशा दोघांच्या नावाचा. दोघांच्या सह्यांशिवाय तो वटत नाही. मला विचाराल तर हा सगळ्यांत कमी भांडणाचा तोडगा.

काम चालू असताना मात्र धमकी म्हणून लीन नोंदवू नका. सबने आपलं काम थांबवल्यानंतर आणि थेट करारवाल्याने आपला करार पुरा केल्यानंतरच ते नोंदवायचं असतं. घाईचं लीन टिकत नाही.

काम संपल्यापासूनचे दिवस

इथे लोक हमखास चुकतात, म्हणून सावकाश वाचा. संपूर्ण काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांच्या आत लीन काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवावं लागतं. हे झालं साधं गणित. पण मालकाने 'नोटीस ऑफ कम्प्लीशन', म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोटीस, नोंदवली तर मुदत आखडते: थेट करार असलेल्या ठेकेदाराला त्या नोंदणीपासून ६० दिवस, सब आणि माल पुरवणाऱ्याला फक्त ३०.

मालकाने ती नोटीस नोंदवली हे तुम्हाला कसं कळणार? नोंदवल्यावर १० दिवसांत प्रिलिम दिलेल्यांना तिची प्रत पाठवायची जबाबदारी मालकावर आहे, आणि न पाठवल्यास मुदत पुन्हा ९० दिवसांची धरली जाते. पण चार किंवा कमी घरांच्या इमारतीत स्वतः राहणाऱ्या मालकाला ही जबाबदारी नाही! म्हणजे आपण ज्या बंगल्यांची स्वयंपाकघरं आणि बाथरूम करतो, नेमक्या त्याच मालकांना. म्हणून काम संपल्यावर दर आठवड्याला काउंटी रेकॉर्डरच्या नोंदीत मालकाच्या नावाने शोध घ्या. मी सोमवारी सकाळी चहा घेताना हे करतो.

'पूर्ण' कधी झालं हाही वादाचा मुद्दा. प्रत्यक्ष काम संपलं तो दिवस. किंवा काम थांबलं आणि मालक तिथे राहू-वापरू लागला तो दिवस. किंवा सलग ६० दिवस कोणीच काम केलं नाही तर तेही पूर्णच. किंवा ३० दिवस काम बंद राहिल्यावर मालकाने 'नोटीस ऑफ सेसेशन', म्हणजे काम थांबल्याची नोटीस, नोंदवली तर तेही, आणि तिनेही मुदत तशीच आखडते. शेवटी एक सैल टाइल बसवायला गेलो होतो म्हणून दिवस पुढे ढकलले जातील, या भरवशावर राहू नका. दोन तारखा संभवत असतील तर आधीची धरा.

माझ्या त्या कामात ५ जूनला सगळं संपलं. जनरल कॉन्ट्रॅक्टरच्या सांगण्यावरून मालकाने १२ जूनला नोटीस नोंदवली. कायद्याने ती काम संपल्यापासून १५ दिवसांत नोंदवायची असते, ती नोंदवली गेली होती. म्हणजे माझी शेवटची तारीख १२ जुलै. मनात मी सप्टेंबरचा हिशेब करत बसलो असतो तर संपलोच असतो. ८ जुलैला लीन नोंदवलं.

लीनचा कागद

कागद एक-दोन पानांचाच असतो, पण त्यात चूक झाली की मालकाचा वकील तिथेच बोट ठेवतो. मिळालेले पैसे आणि योग्य वजावटी वगळून उरलेली मागणी. मालकाचं नाव. केलेल्या कामाचं सर्वसाधारण वर्णन. तुम्हाला काम कोणी दिलं त्याचं नाव. जागेचं वर्णन, पत्ता आणि शक्य तर पार्सल क्रमांक. तुमचा पत्ता. कायद्याने ठरवलेला मालकासाठीचा ठळक इशारा. माहिती खरी असल्याचं शपथेवरचं सत्यापन. आणि मालकाला प्रत पाठवल्याचं, कोणत्या तारखेला आणि कसं पाठवलं याचं सहीनिशी प्रमाणपत्र.

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण घसरतात. लीनची प्रत आधी मालकाला पोस्टाने रवाना करायची, सर्टिफाइड किंवा रजिस्टर्ड, नाहीतर साध्या पहिल्या वर्गाच्या टपालाने पण पोस्टाचा पाठवल्याचा दाखला घेऊन. मग त्याचं प्रमाणपत्र जोडून मूळ कागद रेकॉर्डरकडे न्यायचा. प्रत पाठवली नाही तर लीनची अंमलबजावणीच होत नाही. रेकॉर्डर म्हणजे घर ज्या काउंटीत आहे तिथला. फ्रीमॉन्टचं घर अलामेडा काउंटीत येतं, सॅन होजेचं सांता क्लारात. आपलं ऑफिस कुठे आहे याला अर्थ नाही.

रक्कम किती लिहायची? ठरलेली किंमत किंवा कामाचं वाजवी मोल, यातलं जे कमी असेल ते. वाढीव काम लेखी मान्य झालेलं असेल तर धरा. वकिलाची फी, व्याज, उशिरामुळे झालेलं नुकसान, बुडालेला नफा यातलं काही घालू नका. ते मागायचंच असेल तर दाव्यात वेगळं मागा. बेरीज-वजाबाकीतली प्रामाणिक चूक सहसा लीन पाडत नाही. पण फसवण्याच्या हेतूने, न केलेल्या कामाचे पैसे चढवले तर सगळं लीन हातचं जातं. मी थकलेल्या एकूण १८,४०० डॉलरमधून ६,२०० काढले आणि १२,२०० डॉलरचं लीन लिहिलं. त्या दिवशी हात जरा थरथरला, कारण आकडा कमी करायचं दुःख एकीकडे आणि तेच पैसे दुसऱ्याच्या खिशात असल्याचं दिसत होतं. उरलेल्या रकमेसाठी जनरल कॉन्ट्रॅक्टरवर कराराचा साधा दावा करायची मुभा असतेच: लेखी करारावर ४ वर्षं, तोंडीवर २.

नोंदवल्यापासून पुन्हा ९० दिवस

लीन नोंदवलं म्हणजे पैसे आले, असं नाही. नोंदणीपासून ९० दिवसांत लीन वसुलीचा दावा सुपीरियर कोर्टात दाखल केला नाही, तर लीन मरतं. काही करावं लागत नाही, आपोआप मरतं. माझ्या ८ जुलैच्या लीनसाठी ती तारीख ६ ऑक्टोबर होती. मालकाशी वाटाघाटी चालल्या असतील आणि वेळ हवी असेल, तर मालकासह सहीचा 'मुदत दिली' असा कागद त्या ९० दिवसांतच रेकॉर्डरकडे नोंदवावा लागतो. तोंडी "थांब, दिवाळीत बघू" याला किंमत नाही.

इथे वकील लागतो. तुमचा धंदा कंपनीच्या नावाने असेल तर कोर्टात स्वतः उभं राहता येतच नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात व्यक्तीला १२,५०० आणि कंपनीला ६,२५० डॉलरपर्यंतचं मागणं मांडता येतं, पण लीनची अंमलबजावणी तिथे होत नाही, तिथे फक्त पैशांचा निकाल मिळतो. करारात लवादाचं कलम असलं तरी लीन वाचवण्यासाठी दावा दाखल करून मग लवादापुरती स्थगिती मागायची असते. तसं केल्याने लवादाचा हक्क जात नाही. दावा दाखल केल्यावर २० दिवसांत 'लिस पेंडन्स', म्हणजे या मालमत्तेवर दावा चालू आहे अशी नोटीस, रेकॉर्डरकडे नोंदवायची.

दाव्याच्या शेवटाला कागदावर घर विकून पैसे देण्याचा आदेश असू शकतो. प्रत्यक्षात मालकाला कर्ज फिरवायचं असतं किंवा घर विकायचं असतं, टायटल कंपनी, म्हणजे मालकीचे कागद तपासणारी कंपनी, लीन पाहून फाइल बाजूला ठेवते, आणि मग सगळ्यांना एकदम तडजोडीची घाई सुटते. लीनचा अग्रक्रम त्या बांधकामाला सुरुवात झाली त्या दिवसापासून धरला जातो, नोंदणीच्या दिवसापासून नाही. सुरुवातीनंतर नोंदलेलं नवं गहाण त्याच्या मागे उभं राहतं. बँकांना हे पक्कं ठाऊक असतं.

मालकाच्या हातातही पत्ते आहेत. लीनच्या १२५ टक्के रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र, दिला तर घर लीनमधून सुटतं आणि तुमचा हक्क त्या बाँडवर जातो. मग मुदती बदलतात, ते पत्र मिळताच वकिलाला दाखवा. ९० दिवस उलटून गेले आणि तुम्ही लीन काढलं नाही, तर मालक १० दिवसांची लेखी मागणी करून कोर्टात अर्ज करू शकतो, आणि जिंकला तर त्याच्या वकिलाची फीही तुमच्यावर. मेलेलं लीन रागापोटी तसंच ठेवू नका.

सरकारी कामाचं थोडक्यात: शाळा, रस्ता, महापालिकेची इमारत यांवर लीन लागत नाही. तिथे 'स्टॉप पेमेंट नोटीस' देऊन जनरल कॉन्ट्रॅक्टरला जायचे पैसे सरकारी कार्यालयातच थोपवायचे, आणि २५,००० डॉलरवरच्या कामाला असणाऱ्या पेमेंट बाँडवर दावा सांगायचा. प्रिलिम तिथेही लागते. खाजगी कामातही स्टॉप पेमेंट नोटीस मालकाला किंवा बँकेला देता येते, कर्जातले पैसे अजून शिल्लक असतील तर ती लीनपेक्षा लवकर लागू पडते. बँकेवर तिचा खरा जोर हवा असेल तर तिच्यासोबत मागणीच्या सव्वापट रकमेचा बाँड द्यावा लागतो.

पैसे आल्यावर

माझे १२,२०० डॉलर सप्टेंबरच्या शेवटी आले, दावा दाखल करायला आठवडा उरला असताना. चेक जॉइंट होता, काकूंच्या सहीचा. त्यांनी जनरल कॉन्ट्रॅक्टरचा अखेरचा हप्ता राखून ठेवला होता, त्यातूनच. तो चेक देतानाच जनरल कॉन्ट्रॅक्टरने लीन सोडल्याचा कागद पुढे केला. मी अखेरच्या सशर्त वेव्हरवर सही केली आणि सांगितलं, लीन रेकॉर्डरकडून उतरवायचा कागद चेक वटल्यावर. पाच दिवसांनी पैसे खात्यात दिसले. त्याच दुपारी बिनशर्त वेव्हर पाठवला, 'रिलीज ऑफ मेकॅनिक्स लीन' नोटरीपुढे सही करून अलामेडा काउंटीत नोंदवला आणि शिक्का मारलेली प्रत काकूंच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती नीट वाचली, घराच्या फाइलमध्ये ठेवली आणि विचारलं, "वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं कधी बघायला येतोस? या वेळी करार थेट तुझ्याशी."

थेट करार म्हटल्यावर त्यांना प्रिलिम द्यायची गरज नव्हती. पण घर सुधारणेच्या करारात आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा एकूण किमतीच्या १० टक्के, यातली कमी असेल तेवढीच घेता येते, आणि करार लेखीच हवा, त्यात लीनबद्दलचा इशाराही छापलेला हवा. तो करार मी त्याच आठवड्यात टाइप करायला घेतला.